ढिले स्पोक

चित्स्के सुईणीच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं, त्याच वर्षीची गोष्ट. चित्स्केच्या सायकलच्या मागच्या चाकाचा महिन्यात तिसरा स्पोक तुटला आणि बांधापलीकडे राहणाऱ्या आंत्येला बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या होत्या. सायकलवाल्या वोब्बनं नखानं एकेक स्पोक वाजवून पाहिला.

"बाई, बाकीचेही ढिले आहेत. ढिले हलतात, म्हणून मुळाशी तुटतात. अर्धा तास द्या, सगळे ताणतो."

"अर्ध्या तासात पोर रांगायला लागेल, बाबा! तुटलेला तेवढा बदल." ती पाय आपटत होती.

त्यानं तेवढाच बदलला. बांधावर आणखी दोन तुटले, चाक वाकडं होऊन अडकलं. सायकल टाकून चित्स्के धावत सुटली, तरी पोचायला तासभर उशीर झाला. मूल वाचलं. आंत्ये त्याच दुपारी, चौदा मार्चला, वारली.