मागचं दार

लेझरच्या किरणाला तिसरी घडी घातली, त्याच दुपारी शर्वाणी दुसानेच्या क्वार्टरमधला पॅसेज मधोमध दुमडला. मोडला नाही, भिंतीला तडा गेला नाही, चुन्याचा कणही सांडला नाही. सरळ जाणारा पॅसेज न्हाणीघरापाशी वळला आणि स्वतःच्याच शेजारून परत आला, एवढंच. संध्याकाळी ती घरी आली, चपला काढल्या, वडिलांच्या, आबांच्या खोलीकडे निघाली आणि आपल्याच चपलांपाशी पोचली.

"आबा?" तिने हाक मारली.

"इथंच आहे की," आबा म्हणाले.

आवाज पाठीमागून आला. पाठीमागे चपलांचा रॅक होता आणि रॅकमागे भिंत.

शेवटी डोळे मिटून, भिंतीवरून हात फिरवत ती चालली तेव्हा खोली सापडली. आबा पलंगावर बसून मोसंबं सोलत होते.

"डोळे उघडे ठेवलेस की चुकतं," ते म्हणाले. "मला दुपारीच कळलं. लघवीला निघालो आणि दोनदा पलंगावरच येऊन पडलो."

ते हसले. शर्वाणीला हसू आलं नाही. तिने डोळे मिटून पॅसेज पावलांनी मोजला, तो तेवढाच भरला.

तिचं काम सांगायला सोपं होतं. माळावरच्या संस्थेत आकाशातलं ड्रोन जाळून पाडणारा लेझर तयार झाला होता, पण तो एका हॉलएवढा होता. आता तो चिलखती गाडीच्या पोटात बसवायचा होता, तोही आत चार जवानांची जागा राखून. प्रकाशाला ताकद यायची तर त्याला लांब वाट चालावी लागते. ती वाट कापता येत नाही, दुमडता येते. एक आरसा इकडे, एक समोर. किरण जातो, वळतो, आपल्याच शेजारून परत येतो. वाट तेवढीच राहते आणि पेटी लहान होते. अशी घडी बसवण्यात शर्वाणीचा हात धरणारं संस्थेत कोणी नव्हतं. येवल्याच्या सोनाराची ती मुलगी. बारीक कामाला बसली की श्वाससुद्धा जपून घ्यायची.

दुसऱ्या दिवशी तिने प्रकल्पाचे प्रमुख टिपणीस यांना पॅसेजचं सांगितलं. ते जेवणाचा डबा उघडत होते.

"दुमडला म्हणजे कमी तर झाला नाही ना?"

"नाही सर. तेवढाच आहे."

"मग वापरता येतो. आमच्याकडे छत खाली आलंय. बायको म्हणते, जळमटं काढायला बरं पडतं."

आरसे बसवणारा तंत्रज्ञ इलाही तांबोळी दारात उभा होता. "माझी तर सासुरवाडी जवळ आली, मॅडम," तो म्हणाला. "मनमाड आता आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. बायको खूश. मेहुणा रोज चहाला येतो. मी मेलो."

"दाराचं काय झालं?" टिपणीसांनी विचारलं.

"चार बोटं उरलीत," इलाही म्हणाला.

चिलखती गाडीचं मागचं दार लागत नव्हतं. तिसऱ्या घडीनंतरही लेझरची पेटी जवानांच्या बाकाला भिडत होती, बाक दाराला भिडत होता आणि दार चार बोटं उघडं राहत होतं.

"अजून एक घडी," टिपणीस म्हणाले.

"सर, घडी जिथे पडेल तिथे माणूस असला तर?"

टिपणीसांनी घास खाली ठेवला. ते चिडले नव्हते. "दुसाने, तुम्ही नाही म्हणालात तर हे काम मी दुसऱ्याला देईन. तो घडी घालेलच. फक्त त्याला तुमच्या घरात कोण कुठे बसतं ते ठाऊक नसेल."

शर्वाणी जागेवर येऊन बसली. तिला एकच करता येण्यासारखं होतं. आबांना येवल्याला, थोरल्या बहिणीकडे, नलूआक्काकडे पाठवायचं आणि घर रिकामं झालं की मग घडी घालायची.

तिने दुपारची भाड्याची गाडी ठरवली. आबांची पिशवी भरली, औषधं वर ठेवली, पायजम्याची नाडी तपासली. दुपारी ड्रायव्हरचा फोन आला की तो दाराशी पोचलाय. ती तासभर थांबली, मग अजून थोडी थांबली. मग चौथी घडी घातली. आरसा इतका अलगद बसला की इलाहीने वा म्हटलं.

संध्याकाळी डोळे मिटून ती आबांच्या रिकाम्या खोलीत गेली आणि आबा म्हणाले, "आलीस का? दिवा लाव."

पिशवी त्यांच्या मांडीवर होती. डोक्यावर टोपीही होती.

"तुम्ही गेला नाहीत?"

"तूच थांबा म्हणालीस की."

"मी? मी ऑफिसात होते, आबा."

"स्वयंपाकघरातून हाक मारलीस. थांबा म्हणालीस, एकदाच, घाबरल्यासारखी. मग काय, थांबलो. तो ड्रायव्हर भोंगा वाजवून वाजवून गेला बिचारा."

तिने दिवा लावला. आबा पलंगावर बसले होते आणि त्यांचे पाय गुडघ्यापासून पुढे गादीत गेले होते. गादी फाटलेली नव्हती, चादरीला सुरकुती नव्हती. पाय जिथे गादीला भेटत होते तिथे नुसती एक रेघ होती, इस्त्री केलेल्या कपड्याच्या घडीला असते तशी.

"दुखतंय का?" तिने विचारलं.

"दुखत नाही. पण तिकडं गार लागतं. मोजे घाल बाई जरा."

मोजे घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. ओट्याखाली, सिलिंडरच्या शेजारी, भिंतीतून आबांची पावलं बाहेर आली होती. बोटं हलत होती. तिने खाली बसून एक पाऊल मांडीवर घेतलं, टाचेच्या भेगांवरून हात फिरवला, मोजा चढवला. मग दुसरा.

"हां," तिच्या मागून आबा म्हणाले. "आता बरं."

त्यांना सोडवायला पहाट झाली. डोळे मिटून, काखेत हात घालून, दागिन्यातून खडा काढावा तसं तिने त्यांना हळूहळू बाहेर घेतलं. आबा सगळेच्या सगळे आले. एक मोजा मात्र ओट्याखालीच राहिला. आबांनी उघड्या पावलाकडे पाहिलं आणि म्हणाले, "स्वस्तात सुटलो."

गाडीचं दार अजून बोटभर उघडं होतं. पाचवी घडी ठरली, खंडेनवमीला सकाळी, पूजा झाल्यावर. त्याच दिवशी दिल्लीचे साहेब चाचणी पाहायला येणार होते. माळाच्या पार टोकाला, टेकडीवर, निशाणाचा पोलादी पत्रा उभा केला होता. इलाही स्कूटरवरून जाऊन तो रंगवून आला आणि धुतलेलेच हात पुन्हा धुवायला लागला.

"काय झालं?" शर्वाणीने विचारलं.

"टेकडीवर उभा होतो, मॅडम. तिथे आपल्या वर्कशॉपमधला रेडिओ ऐकू येत होता. बातम्या. इथल्यापेक्षा स्वच्छ."

"अंतर कागदावर तेवढंच आहे," टिपणीस म्हणाले.

तेव्हापासून शर्वाणी टेप घेऊन हिंडू लागली. तिने हॉल मोजला, आवार मोजलं, क्वार्टर मोजलं. काहीच कालच्याइतकं नव्हतं. फक्त चिलखती गाडी रोज तेवढीच भरायची. साहजिक होतं. सगळं गाडीत बसवण्यासाठीच चाललं होतं. गाडीचं माप बदलून चालणार नव्हतं. जगात न दुमडणारी तेवढी एकच जागा उरली होती.

"आबांना गाडीत बसवू का?" तिने टिपणीसांना विचारलं. "चाचणीपुरतं. बाकावर."

"बसवा," ते लगेच म्हणाले. "चार जवानांची जागा राखायचीच आहे. एकात माणूस असला की मापही कळेल."

खंडेनवमीला सकाळी वर्कशॉपमध्ये पाने, हातोड्या, पकडी सतरंजीवर मांडल्या. गाडीला झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली. दरवर्षी इथे प्रत्येक यंत्राला हळदकुंकू लागायचं, पण या वर्षी शर्वाणीने सक्त ताकीद दिली होती. आरशावर कुंकवाचा एक कण उडाला तरी किरण त्या कणाला पेटवेल आणि आरसा तडकेल. म्हणून पुढे, वर, लेझरच्या भिंगाजवळ कुणी फिरकायचं नाही. कुंकू लावायचंच तर मागच्या दाराला, आरशांपासून सगळ्यात लांब.

"मग तुम्हीच लावा, मॅडम," इलाहीने तबक पुढे केलं. "यंत्र तुमचं, आबाही तुमचे."

आबा आत बाकावर बसले होते, एका पायात मोजा, मांडीवर नारळ. त्यांची पाठ दाराला कुठे टेकेल याचा तिने अंदाज घेतला. बरोबर त्या जागी, बाहेरून, हिरव्या पोलादावर तिने अंगठ्याने कुंकू लावलं. यांना सांभाळ, असं मनात म्हणाली. अंगठा जरा घसरला आणि टिळ्याला खाली एक शेपटी आली.

मग आत जाऊन तिने पाचवी घडी घातली.

बाहेरून इलाहीने मागचं दार लोटलं. ते लागलं. खट् असा लहानसा आवाज झाला आणि बाहेर टाळ्या वाजल्या.

"लागलं की," आबा म्हणाले.

"लागलं," शर्वाणी म्हणाली. ती पुढच्या खुर्चीत बसली, कानाला हेडफोन लावले. समोरच्या पडद्यावर माळ उमटला, मग टेकडी, मग पत्रा. यंत्राला निशाण दाखवावं लागत नसे. पत्र्याच्या मधोमध जो गडद ठिपका असेल तो ते आपला आपण धरायचं, आणि एकदा धरलं की सोडायचं नाही. इलाहीने पांढऱ्या पत्र्यावर काळा ठिपका काढला होता.

पडद्यावरचा पत्रा हिरवा होता. त्याला बिजागऱ्या होत्या. वरून झेंडूची माळ लोंबत होती आणि वाऱ्याने हलत होती. मधोमध लाल ठिपका होता, आणि ठिपक्याला खाली शेपटी होती.

तिने स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. तो अजून लाल होता.

ठिपक्याभोवती चौकट आली. चौकट आवळली, हिरवी झाली.

"छान धरलंय," हेडफोनमध्ये टिपणीस कुणाला तरी सांगत होते. "साहेब, बघा."

"थांबा," शर्वाणी म्हणाली.

हेडफोनमध्ये तिचा आवाज आला नाही. तोंडातून निघाला तो गाडीत कुठेच वाजला नाही. तो कुठे गेला ते तिला कळलं. चौथ्या घडीच्या दुपारी, तिच्या रिकाम्या स्वयंपाकघरात तो आता पोचला होता, ओट्यापाशी. आणि पलीकडच्या खोलीत टोपी घातलेला एक म्हातारा पिशवी घेऊन उठता उठता परत खाली बसत होता.

बटण बाहेर, इलाहीच्या हातात होतं. टिपणीस त्याला म्हणाले, "करा सुरू."

हेडफोन फेकून ती उठली आणि बाकाकडे धावली. दोन पावलांची वाट होती. ती आपल्याच खुर्चीपाशी पोचली. पुन्हा धावली आणि पुन्हा खुर्ची आली. पाचवी घडी कुठे पडली होती, ते तिला तेव्हा समजलं.

तिने डोळे मिटले. हात भिंतीला लावला आणि भिंतीवरून सरकवत एकेक पाऊल टाकत निघाली. पोलाद गार होतं. डोक्यावर यंत्राची घरघर चढत गेली. बोटांना एक रिव्हेट लागला, मग दुसरा, मग बाकाची कड, मग लोकरीचा मोजा.

"शर्वे," मागून आबा म्हणाले, अगदी सुखाने, "दार लावलंय तरी ऊन कुठून गं येतंय? पाठीला छान लागतंय."

तिने डोळे उघडले नाहीत. तिच्या तळहाताखालचं पोलाद आता गार नव्हतं.