ओट्याखालचं बटण

वळणावरच्या दुरुस्तीच्या दुकानातल्या बाईला सगळी गल्ली रेडिओबाई म्हणायची. बंद पडलेलं काहीही आणा, बाई शिव्या घालत घालत चालू करून द्यायची. दुकानाच्या पाठच्या घरात मात्र तिचं काही चालत नव्हतं. तिथे तिची धाकटी बहीण ट्रकवाल्या नवऱ्याचा मार खात होती. फोन त्याने केव्हाच आपटून फोडला होता. "सोडून ये," म्हटलं की धाकटी म्हणायची, "ताई, तो तुझ्या दारात येऊन मारेल मला."

शेवटी रेडिओबाईने डोकं लढवलं. काडेपेटीएवढा उघडा कॉम्प्युटर, नुसती हिरवी पाटी, स्वस्तातली, वायरलेस तिच्या पोटातच. तसली एक तिने दुकानाच्या दाराला लावलीच होती. गिऱ्हाइकाने बटण दाबलं की मागच्या खोलीत टिंगटाँग. दुसरी धाकटीच्या ओट्याखाली चिकटवायची. तिचं बटण दाबलं की दुकानात भोंगा बोंबलला पाहिजे.

पण पुन्हा सगळं पहिल्यापासून कोण लिहीत बसणार? बाईने दाराच्या पाटीच्या मेमरी कार्डाची हुबेहूब नक्कल काढली आणि ती नव्या पाटीत घातली. आता हिचं नाव तेवढं बदलायचं, नाहीतर ही पण स्वतःला दारच समजणार आणि भोंग्याऐवजी टिंगटाँग करणार. बदलू तिथे बसवताना, म्हणत ती ओट्याखाली वाकली, आणि गल्लीच्या तोंडाशी ट्रकचा हॉर्न वाजला.

"जिवावर बेतलं की दाब, मी धावत येते," एवढं सांगून ती मागच्या दाराने पळाली. नाव बदलायचं राहून गेलं. पाटीवरचा दिवा लागलेला पाहिला होता, तेवढ्यावर ती निर्धास्त.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी टिंगटाँग झाली. "आले हो!" म्हणत बाई दारात गेली, तर चिटपाखरू नाही. ती परत येऊन बसते तोच पुन्हा टिंगटाँग. "मेल्यांनो, शाळा नाही का तुम्हाला? समोर या, मग बघते!" ती रिकाम्या गल्लीवर खेकसली. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा ती दारातच उभी होती. बटण नाकासमोर होतं आणि त्याला कोणाचाही हात लागला नव्हता.

ओट्याखालच्या पाटीचं नाव बदललंच नव्हतं. हातोडा उचलून ती वळसा घालून धाकटीच्या घराकडे धावली. दाराला आतून कडी होती. तिने खिडकीची काच फोडली आणि तळवे चिरून घेत आत उडी टाकली.

ट्रकवाल्याने धाकटीचा हात ओट्यावर दाबून धरला होता आणि वरवंट्याने तो तिची बोटं ठेचत होता. तोंडात फडकं कोंबलेलं. ओट्यावरून रक्त खाली ठिबकत होतं. तो मान वळवतो तोवर बाईने हातोडा त्याच्या मनगटावर घातला. हाड काडकन मोडलं. त्याने दुसऱ्या हाताने तिचा गळा पकडून तिला भिंतीवर आदळलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी हातोडा तिने सोडला नाही. एक घाव गुडघ्यावर बसला, तो कोसळला, मग दुसरा जबड्यावर. आणखी एक घालावा असं तिला मनापासून वाटत होतं. तो हलेना, म्हणून ती थांबली.

तिने धाकटीच्या तोंडातलं फडकं काढलं. त्याबरोबर एक दात बाहेर आला.

"छोटे, बोल गं. मी आले ना."

"मी त्याला सांगितलं, ताई येतेय," धाकटी म्हणाली. "तो घाबरला गं. खरंच घाबरला. खुर्ची दाराकडे वळवून बसून राहिला. मग म्हणाला, दाब परत. मी दाबलं. तेवढ्यात भिंतीपलीकडून तुझा आवाज आला. शाळा नाही का तुम्हाला, म्हणत होतीस."

रेडिओबाईने फडकं तिच्या बोटांभोवती गुंडाळायला घेतलं.

"मग तो हसायला लागला," धाकटी म्हणाली. "मला म्हणाला, अजून एकदा दाब. आणि मग वरवंटा शोधायला उठला."