डांबराखालचा गंज

गाड्यांच्या पोटाखाली बावीस वर्षं काढलेली बाई होती ती. सगळं गॅरेज तिला ताई म्हणायचं, कारण पुढचं काउंटर सांभाळणारा तिचा धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा. दोघांची वाटणी पहिल्यापासून ठरलेली : गोड बोलायचं ते भावानं, हात काळे करायचे ते ताईनं.

त्या सकाळी मागच्या खोलीत ती एका स्प्रिंगवर विजेचा वायर ब्रश मारत होती. यंत्र बंद केलं, तसा भावाचा आवाज ऐकू आला.

"चूक आमचीच आहे, डॉक्टरसाहेब. काम कच्चं राहिलं असणार. माफ करा."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हे डॉक्टर दातांचे. त्यांची लाल, बुटकी, दोनच माणसं मावणारी स्पोर्ट्स कार. घर अगदी समुद्राला लागून, त्यामुळे खारा वारा रात्रंदिवस गाडीला चाटत असायचा. म्हणूनच गेल्या वर्षी ताईनं गाडीचं अख्खं सस्पेन्शन उतरवलं होतं. चाकं धरून ठेवणारे आर्म, स्प्रिंगा, शॉकअप, सगळं. आर्म न् स्प्रिंगा वाळूच्या फवाऱ्यानं पांढऱ्याशुभ्र होईपर्यंत साफ केल्या, वर राखाडी पावडर कोटिंग चढवून भट्टीत भाजल्या. आर्म आतून पोकळ असतो. आत शिरलेलं पाणी निघून जावं म्हणून त्याच्या बुडाला करंगळीएवढं भोक असतं. ते रंगानं बुजू नये म्हणून तिनं किती जपलं होतं! गाडी देताना कागदावर लिहूनही दिलं होतं : अधूनमधून खालून साध्या पाण्यानं धुवा, वरून काहीही फासू नका, भोक उघडं ठेवा.

आणि आता म्हणे काम कच्चं!

हातातला ब्रश तसाच घेऊन ती बाहेर आली.

"काम कच्चं आहे हे कुणी बघितलं?"

"अगं ताई, गिऱ्हाईकासमोर नको ना," भाऊ हळूच म्हणाला.

"गिऱ्हाईकासमोरच. तू गाडीखाली वाकलास तरी का?"

भाऊ काउंटरवरची बिलं चाळू लागला. डॉक्टर मात्र तापलेलेच होते. "अहो, खड्डा आला की खटखट वाजतं. चाकामागे तांबूस ओघळ दिसतायत. दहा वर्षं बघायला नको म्हणाला होतात!"

"गाडी वर घेते. तुम्हीही या खाली. पेशंटचं तोंड न उघडता दात किडलाय असं तुम्ही तरी सांगता का?"

लिफ्टवर गाडी चढली आणि ताई बघतच राहिली. तिचा राखाडी रंग कुठे दिसेचना. आर्म, स्प्रिंगा, शॉकअप, सगळ्यावर डांबरासारखा काळा, जाड थर थापलेला.

"हे काय आहे?"

"ते? प्रोटेक्शन," डॉक्टर म्हणाले. "वळणावर ते गाड्या धुण्याचं नवीन दुकान आहे ना, त्यांनी करून दिलं. सात महिने झाले. आजन्म गॅरंटी आहे."

"धुतल्यावर सुकू दिली होती गाडी?"

"तासाभरात दिली की हातात."

ताईनं डॉक्टरांच्या हातात दिवा दिला आणि पत्र्याच्या पट्टीनं थर खरवडला. खाली तिचं कोटिंग होतं तसं गुळगुळीत, एक ओरखडा नाही. मग तिनं बुडाशी चाचपून भोक शोधलं. डांबरानं गच्च बुजलेलं. तिनं त्यात स्क्रूड्रायव्हर घातला आणि फिरवला. भसकन तपकिरी पाणी आलं ते थेट डॉक्टरांच्या पांढऱ्या बुटांवर.

डॉक्टर मागे उडी मारून उभे राहिले.

"धुताना आत शिरलेलं हे खारं पाणी सात महिने कोंडलंय," ताई म्हणाली. "माझा रंग बाहेरून शाबूत, आणि आतून लोखंड खाल्लं. हे सांध्यातले रबरी बुश बघा, त्या काळ्या रसायनानं फुगून सैल झालेत. खटखट वाजतंय ते हे. आठ दिवस राबले होते मी या गाडीवर! आणि तुम्ही तासाभरात त्याची माती करून आणलीत."

"मला काय कळतं त्यातलं? ते म्हणाले म्हणून..."

"त्यांचं तुम्हाला तोंडपाठ आहे. माझा कागद कुठाय?"

"असेल घरात कुठेतरी," डॉक्टर पुटपुटले.

ताईनं भावाकडे वळून पाहिलं. "मघाशी मागितलेली माफी परत घे."

"माफी कशी परत घेतात, ताई?"

"मागितलीस तशीच. तोंडानं."

भाऊ डॉक्टरांकडे वळला. "डॉक्टरसाहेब, चूक आमची नव्हती. मी न बघता बोललो."

"मीही तेच केलं," डॉक्टर म्हणाले. बूट पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

डावा आर्म बाद झाला होता, उजवा वाचण्याजोगा होता. काम ताईनं घेतलं. पण तेवढ्यानं तिचा राग शमेना. दुसऱ्या दिवशी तिनं डावा आर्म मधोमध कापला आणि भावाला घेऊन त्या दुकानात गेली. काउंटरवर दोन्ही तुकडे आपटले.

तिथल्या मॅनेजरनं आत बोट घातलं. गंजाचे पापुद्रे सुटून हातात आले.

"दिवसाला दहा-बारा गाड्या करतो आम्ही, मॅडम. अजून एक तक्रार नाही."

"गंज आतून बाहेर यायला वेळ लागतो, मग तक्रारही येईल."

"भोकाचं आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

"मग आजन्म गॅरंटी लिहिताना कुणाला विचारलं होतं? उद्या एखाद्याचं चाक निखळलं भर रस्त्यात, तर काय दाखवणार, गॅरंटीचा बोर्ड?"

मॅनेजरनं तुकडे बाजूला सरकवले. ताईला अजून पुष्कळ बोलायचं होतं, पण भावानं तिचा दंड धरला. "मी बोलतो," तो म्हणाला, आणि नेहमीच्या गोड आवाजात त्यानं विचारलं, "आजवर केलेल्या गाड्यांची यादी आहे ना तुमच्याकडे? फोन करायला आजच लागा. मी बसतो इथे."

आणि खरंच संध्याकाळपर्यंत बसला.

त्या आठवड्यात पाच गाड्या आल्या. प्रत्येकीखाली शिरून ताईनं एकेक भोक मोकळं केलं, आणि प्रत्येक भोकामागे त्या दुकानाला एक शिवी हासडली.