कव्हर

ऊन तापलं की कुंदाचं नागपूरचं घर लांबायचं. मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान झालं, त्या उन्हाळ्यापासूनचं हे. सकाळी पलंगापासून बैठक हाकेवर असायची. भर दुपारी मधला बोळ एवढा ताणायचा, की चालायला निघाल्याची खबर पायांनाच उशिरा लागायची. पण कुंदा काय हातावर हात ठेवून बसणार? तिनं घराची नस ओळखली होती. मानेवर ओला पंचा टाकून बर्फाचं पाणी प्यायलं की भिंती मुकाट जवळ यायच्या. बोळात मध्ये एक खुर्ची ठेवलेली. तिथं दम खायचा. घाई केली की बोळ चेकाळायचा.

आज मात्र घाईच होती! बैठकीत मोहल्ल्यातल्या बायकांची कॅरमची फायनल, आणि समोर थोरली नणंद, पद्माताई.

"हरलीस तर कॅरम बंद," पद्माताईनं सगळ्यांदेखत बजावलं होतं. "आजारी माणसानं गपगुमान पडून राहावं."

कॅरमशिवाय जगायचं? छट्! कुंदा कूलरसमोर बसली आणि सुटली. बोटं बधिर होती, त्यांना स्ट्रायकर लागल्याचं कळतच नव्हतं. मग तिनं बोटांना नजरेनं हाकललं. पटापट सोंगट्या पडल्या. राणीही पडली.

"अगं बाई, ही तर ऐकेचना!" शेजारच्या निर्मलाकाकू ओरडल्या.

आता फक्त कव्हर. राणी पक्की करणारी शेवटची पांढरी सोंगटी.

तेवढ्यात लाईन गेली. कूलर थांबला, आणि बोर्ड लांबायला लागला. पद्माताई खुर्चीसकट मागं मागं गेली. दाराबाहेर, अंगणात, रस्त्यापलीकडं.

"सोड ना आता!" तिचा आवाज आला.

"कायले सोडू?" कुंदा ओरडली. काय तो आनंद! अंगात वारं भरलं होतं नुसतं. तिनं पंचा पुन्हा भिजवून मानेवर घेतला, एक श्वास घेतला आणि टिचकी मारली.

स्ट्रायकर सूंऽऽ करत निघाला. बायका पदर खोचून त्याच्या मागं पळाल्या. त्यानं सोंगटीला धक्का दिला आणि सोंगटी गेली, गेली, पार त्या टोकाच्या भोकाकडं, जिथं पद्माताई अंगठ्याएवढी दिसत होती.

ती उठून उभी राहिली. तिच्या शेजारी आणखी एक पद्माताई उठून उभी राहिली. एक टाळ्या वाजवत होती. दुसरी पडली नाही, नाही म्हणून हात हलवत होती.

एकाचे दोन दिसले की एक डोळा झाकायचा, डॉक्टरांनी शिकवलं होतं. कुंदानं तळहात उचलला, पण कोणता डोळा झाकला तर कोणती पद्माताई उरेल? तळहात दोन्ही डोळ्यांच्या मधोमध येऊन थांबला.