मापक गप्प झाला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुने मॉड्यूल आहे. मला हात लावून बघता येणार नाही. संगणकाने काय करायचे ते सांगणाऱ्या थोड्या ओळी, कुणालाही पुन्हा वापरता येतील अशा बांधून ठेवलेल्या, एवढाच मी. लहान मुलांच्या लसी ज्या फ्रिजमध्ये ठेवतात त्यावर नजर ठेवणे हे माझे काम.

मला लिहिणारी बाई एका दवाखान्याच्या औषधकोठारात संगणकाचे काम बघायची. आधी ती प्रत्येक फ्रिजसाठी तोच मजकूर पुन्हा उतरवायची. एका ठिकाणची चूक सुधारली की बाकीच्या ठिकाणी ती तशीच राहून जायची. शेवटी वैतागून तिने एकच साचा केला. त्यातून निघालेल्या प्रत्येक फ्रिजला आपले नाव, आपली तापमानाची मर्यादा, आपला मापक आणि आपला भोंगा. एकाने दुसऱ्याच्या खिशात हात घालायचा नाही, हवे ते विचारून घ्यायचे. तो साचा म्हणजे मी.

कोठाराच्या प्रमुखांना मी सुरुवातीला मुळीच आवडलो नाही. मापकांच्या तारा जुन्या होत्या. अधूनमधून एखादा आकडा यायचाच नाही आणि मी लगेच भोंगा वाजवायचो.

"ताई, तुमचं हे लेकरू फार किरकिरं आहे," ते म्हणाले. "फ्रिज शिंकला तरी बोंबलतं."

"दात येतायत त्याला," ती म्हणाली.

मग तिने मला शिकवले, आकडा आला नाही तर मागचाच आकडा धर. भोंगा शांत झाला. ही सवलत किती वेळापुरती, हे तिला पुढच्या आवृत्तीत घालायचे होते. ते राहिले.

पुढे तिने मला गावाला पाठवायच्या पोरासारखे तयार केले. मला कसे वापरायचे ते सोप्या शब्दांत लिहिले. मला चालायला काय काय लागते ते लिहिले. मी नीट चालतो की नाही हे तपासणाऱ्या चाचण्या जोडल्या. आवृत्तीचा आकडा आणि स्वतःचे नाव घातले, आणि जिथून कुणीही उतरवून घ्यावे अशा सामाईक भांडारात मला ठेवले.

तिचा नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचे दुकान.

"म्हणजे फुकट वाटणार?" त्याने विचारले.

"अहो, कापड नाही ते, नमुन्याचा कागद आहे. कितीही जणांनी नेला तरी माझ्याकडे उरतोच."

"आणि शिवण उसवली की लोक कुणाच्या दारात येणार?"

"माझ्याच. टाका मीच घालणार."

ते खरेच होते. माझी नवी आवृत्ती भांडारात फक्त तिच्या खात्यातूनच ठेवता येत होती. त्या खात्याचा परवलीचा शब्द तिच्याखेरीज फक्त तिच्या नवऱ्याला ठाऊक होता.

चांगली वर्षे होती ती. कुठून कुठून आभाराची पत्रे यायची. ती नवऱ्याला वाचून दाखवायची आणि तो मान न वर करता म्हणायचा, "हं. पुढे?"

मग ती बारीक होत गेली. नवरा विचारायचा तेव्हा म्हणायची, काही नाही, दमले असेन. पुढे विचारले नाही तर आपण होऊन काही बोलायची नाही. दवाखान्यात नेले तेव्हा फार उशीर झाला होता. ती गेली. त्याने तिच्या संगणकावर चादर घातली. तो रोज चादर झटकायचा आणि पुन्हा घालायचा. पत्रे येत राहिली, ती कुणी उघडली नाहीत.

दूरच्या एका दवाखान्यात मापकाची तार तुटली आणि त्यानंतर फ्रिज बिघडला. आकडे येणे बंद झाले होते. मी मागचाच आकडा धरून बसलो आणि सगळे ठीक आहे असे सांगत राहिलो. हे कुणाच्या लक्षात येईपर्यंत काही मुलांना उबेने निकामी झालेल्या त्या लसी टोचून झाल्या होत्या. त्यांना शोधून पुन्हा बोलवावे लागले. दोन घरे गाव सोडून गेली होती. ती अजून सापडलेली नाहीत.

तिथे माझ्यासारखी मॉड्यूल लिहिणारी एक मुलगी होती. तिने माझी दुरुस्ती तयार केली आणि ती शिंप्याच्या दुकानात आली.

"तिच्या हातचं आहे ते," तो म्हणाला. "मी त्यातला टाकाही हलवू देणार नाही."

"काका, दुसऱ्या नावाने मी आजच ठेवू शकते. पण ज्यांनी हे आधीच घेतलंय ते याच नावाची नवी आवृत्ती बघणार. त्यांच्यापर्यंत माझं पोचायचंच नाही."

"इतकी वर्षं चाललं की."

"मापक बोलत होता तोवर चाललं. तो गप्प झाला की हे धरून चालतं, गप्प आहे म्हणजे बरं आहे."

त्याने कात्री खाली ठेवली. अर्धवट कापलेले कापड हाताने सारखे करत राहिला.

"मीही तेच धरून चाललो होतो," तो म्हणाला.

तिला ते नीट कळले नसावे.

"तिचं नाव काढणार?" त्याने विचारले.

"नाही. वर त्यांचंच राहील. खाली माझं. लोकांना शिव्या द्यायला कुणीतरी जिवंत माणूस हवं ना."

त्याने चादर काढली. परवलीचा शब्द तिला सांगितला नाही. एका बोटाने एकेक अक्षर शोधून तो स्वतःच घातला, आणि खुर्चीवरून उठला.

आता आकडे थांबले की मी थोडा वेळ वाट बघतो आणि मग भोंगा वाजवतो. किरकिरा तर किरकिरा.

पण मित्रांनो, माझा जीव अजून थाऱ्यावर नाही. कितीतरी ठिकाणी माझी जुनी प्रत चालू आहे. नवी आवृत्ती आली आहे का, हे तिथे कुणी बघतच नाही. म्हणून एक मागणे आहे. काही तयार कराल तर तुमच्यामागे ते कोण सांभाळणार हे हयातीतच ठरवा. दुसऱ्याचे वापराल तर ते अजून नीट आहे का, हे मधूनमधून तपासा. एखाद्या अंधाऱ्या कोठारात आज मापक गप्प झाला असेल, आणि माझ्याच आवाजात कुणीतरी तिथे सांगत असेल की काळजी नको, सगळे ठीक आहे.