गॉबनेटचे शेजारी

गॉबनेटच्या घरामागच्या शेतात मातीची गोल गढी होती, कडेनं हॉथॉर्नची काटेरी झाडं. आत भली मंडळी राहतात, अशी तिची श्रद्धा. पऱ्या हे त्यांचं खरं नाव ती ओठांवर येऊ देत नसे. गावात कुणाचं घर जुनं यावरून वाद निघाला की मान ताठ करून म्हणे, "सगळ्यात जुनं घर आमच्या शेतात आहे."

आज ते घर पडणार होतं. मुलगा फिंटन ऑस्ट्रेलियात बरीच वर्षं काढून आयर्लंडमध्ये, केरीला परतला होता आणि त्याला तिथंच गाईंचा नवा गोठा हवा होता. गढीचं नाव ऐकताच गावातले जेसीबीवाले एकेक करून आजारी पडले, तेव्हा त्यानं परगावाहून मॅलकीला आणलं.

"वरच्या बाजूला बांध की गोठा," गॉबनेट म्हणाली.

"तिथं उतार आहे, आई. आणि गढीत कुणी राहत नाही. नुसती माती आहे."

जमीन आता त्याच्या नावावर होती. गॉबनेटला रागापेक्षा लाजच जास्त वाटत होती. आपल्याच पोटच्या पोरानं शेजाऱ्यांच्या अंगणात यंत्र घालावं!

मॅलकी यंत्रावर चढून बसला. फिंटननं गोठा धुतलेल्या पाण्याची बादली उचलली आणि गढीकडे तोंड करून ओरडला, "बाजूला व्हा हो, घाण पाणी येतंय!" क्षणभर थांबला आणि मग पाणी फेकलं.

"कुणाला सांगितलंस रे?" मॅलकीनं विचारलं.

"कुणाला नाही. लहानपणची सवय."

"मग थांबलास कशाला? भरली बादली धरून वाट दिलीस की त्यांना!" मॅलकी खाली उतरला. "ज्यांच्यावर तू पाणी उडू देत नाहीस, त्यांच्यावर मी यंत्र घालू? मी नाही बाबा."

फिंटन कानापर्यंत लाल झाला.

"काय रे," गॉबनेटनं विचारलं, "ऑस्ट्रेलियातही ओरडायचास?"

"रोज," तो पुटपुटला. "सगळे हसायचे."

"आणि तरी ओरडायचास?"

त्यानं खाली बघत मान डोलावली. मग रिकामी बादली उचलून उताराकडे बोट दाखवलं. "मॅलकी, चहा घे. मग ती वरची जागा बघू. थोडं सपाट करावं लागेल."

गॉबनेटचा ऊर भरून आला. तिनं गढीकडे वळून, शेजारच्या शेतापर्यंत ऐकू जाईल अशी हाक दिली, "ऐकलंत ना? माझा मुलगा आहे हा!"