घरी पाहिलं, वाढ ठीक

तपासणीला न आलेल्या आयांना फोन करणं हे माझं दर गुरुवारचं काम. वेळेआधी जन्मलेल्या बाळांची आमच्या वॉर्डात एक जाडजूड वही आहे. बाळ काचपेटीतून बाहेर आलं, घरी गेलं, म्हणजे सुटलं असं नसतं. शाळेत जाईपर्यंत त्याला दरवर्षी परत आणायचं. मेंदूची वाढ कशी चाललीय, हातपाय, बोलणं, नजर, लक्ष, सगळं पाहायचं. आया पहिल्या दोनतीन वेळा इमानेइतबारे येतात. मग पोर धावायला लागतं आणि या बायांना वाटतं, सुटलो एकदाचे. मग मी फोन लावते आणि झापते. पोर ठणठणीत आहे हे मला फोनवर सांगू नका, इथे आणून दाखवा, हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की नव्या नर्सा माझ्या पाठीमागे नक्कल करतात. समोरही करतात, मेल्या.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की त्या वहीतल्या एका मुलीसाठी मी कधीच फोन केला नाही. ती माझी भाची.

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे धाकटीच म्हणतात. तिला अठ्ठाविसाव्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या आणि पोर माझ्याच वॉर्डात, माझ्याच ड्युटीत आली. वजन साडेनऊशे ग्रॅम. मी तिला छटाक म्हटलं आणि तेच नाव पडलं. नऊ आठवडे धाकटी काचपेटीजवळच्या स्टुलावर बसून होती. पेटीच्या गोल भोकातून हात आत घालायचा आणि लेकीच्या पावलावर एक बोट ठेवायचं. तेवढीच परवानगी होती.

दुसऱ्या आठवड्यात छटाकच्या डोक्याची सोनोग्राफी झाली. मेंदूत थोडा रक्तस्राव दिसला. डॉक्टर म्हणाले, लहान आहे, बहुतेक जिरून जाईल, पण हिला शाळेत जाईपर्यंत नजरेआड होऊ देऊ नका. धाकटीने फक्त जिरून जाईल एवढंच ऐकलं. मी दोन्ही ऐकलं. बाहेर आल्यावर तिने माझं मनगट घट्ट धरलं आणि विचारलं, हिला काही होणार नाही ना?

मी म्हटलं, "मी आहे ना."

असं कधी म्हणायचं नसतं. नव्या नर्सांना मी पहिल्याच दिवशी हे बजावते.

घरी पाठवताना मी तिला एका कागदावर ठळक अक्षरात लिहून दिलं होतं: वयातून बारा आठवडे वजा. आधी आलेल्या बाळाचं वय असंच मोजतात, नाहीतर शेजारपाजारचे विचारतात, अजून बसत नाही का, अजून चालत नाही का, आणि आई उगाच झुरते. ही वजाबाकी दोन वर्षांपर्यंतच करायची, पुढे खरं वय धरायचं, हे मी तोंडी सांगितलं. निदान मला तसं आठवतं.

धाकटीने तो कागद फ्रिजच्या दारावर लावला. शाई पुसट झाली तेव्हा माझ्याच अक्षरांवरून पेन फिरवलं. छटाकचे दोन वाढदिवस व्हायचे, एक जन्माचा आणि एक ती ज्या तारखेला यायला हवी होती तिचा. तिचा बाप म्हणायचा, एका पोरीत दोनदा केक, घाट्याचा सौदा आहे. आम्ही हसायचो. दोन वर्षं झाली, तीन झाली, वजाबाकी काही थांबली नाही. पोरगी जिना एकेक पायरीवर दोन्ही पाय ठेवून उतरते? अगं, आधी आलीय. बटण लागत नाही? आधी आलीय. त्या बारा आठवड्यांनी सगळं झाकलं. शाळेत घालायची वेळ आली तेव्हा तर धाकटीने मुख्याध्यापिकेशी हुज्जत घालून तिला एक वर्ष मागच्या वर्गात बसवलं. खऱ्या तारखेने ती मोठ्या मुलांत बसत होती, आमच्या तारखेने लहानांत. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, बरं केलंस.

आता तीन वर्षांच्या वेळची गोष्ट. तपासणीची तारीख जवळ आली तसा धाकटीचा फोन आला, यायलाच हवं का, छटाक दवाखान्याचं दार पाहूनच भोकाड पसरते. मी म्हटलं, राहू दे, मीच रविवारी येते. आमच्या तपासणीच्या खोलीत असतात तसेच लाकडी ठोकळे मी सोबत नेले. जमिनीवर बसलो, खेळ म्हणून सुरुवात केली. त्या वयाचं मूल आठनऊ ठोकळे रचतं. छटाकने चार रचले आणि पाचव्याला मनोरा पडला. परत चार, परत पडला. तीन ठोकळ्यांचा पूल मी करून दाखवला, तिने माझ्याकडे पाहिलं, पुलाकडे पाहिलं आणि ठोकळे ओळीत लावले. तेवढा वेळ तिचा डावा हात मांडीखाली होता, मूठ मिटलेली. मी तो हळूच बाहेर काढला. तिने तो परत मांडीखाली घातला.

मी ही मूठ शेकडो मुलांत पाहिलेली आहे. परक्या बाईचं पोर असतं तर त्याच संध्याकाळी फोन लावून सोमवारी हजर करवलं असतं.

स्वयंपाकघरातून धाकटीने हसत विचारलं, मावशीच्या परीक्षेत पास झाली का पोरगी? ती इतकी निवांत उभी होती, हातात पुसायचं फडकं, तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेलेली. मी म्हटलं, पहिला नंबर. आणि गुरुवारी वहीत छटाकच्या नावापुढे लिहिलं: नातेवाईक. घरी पाहिलं, वाढ ठीक. खाली सही केली.

चौथ्या वर्षी तेच लिहिलं. त्या वेळी ठोकळे नेलेच नाहीत. पाचव्या वर्षीही तेच. मला काय वाटत होतं? की ती मूठ मी वहीत लिहिली नाही तर ती खरी होणार नाही. दुसरी कुणी बाई असं बोलली असती तर मी तिची खरडपट्टी काढली असती.

गेल्या महिन्यात छटाकच्या वर्गशिक्षिकेने धाकटीला बोलावून घेतलं. बाई चांगल्या आहेत. त्यांनी सांगितलं, छटाक पाचपर्यंत आकडे म्हणते, पण पाच खडू दे म्हटलं की मूठभर उचलून देते. त्रिकोण काढता येत नाही. वर्गात गलका झाला की टेबलाखाली जाऊन बसते. मात्र वर्गात कुणाला रडू आलं की सगळ्यांच्या आधी हिला कळतं, ही त्याच्याजवळ जाऊन उभी राहते. धाकटी म्हणाली, ती लहान आहे हो, वेळेआधी आलीय. शिक्षिका म्हणाल्या, या वर्गातली सगळीच मुलं तिच्यापेक्षा लहान आहेत.

धाकटीने घरी येऊन मला फोन केला तो शिक्षिकेला नावं ठेवायला. मी तिची री ओढेन अशी तिची खात्री होती. मी म्हटलं, घेऊन ये तिला. दोन दिवसांनी ती छटाकला घेऊन आमच्याकडे आली.

मुलांची वाढ तपासणाऱ्या बाई आमच्याकडे वर्षभरापूर्वीच आल्यात. धाकटी माझी बहीण आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मी गणवेशात दाराशी उभी होते. त्यांनी वय विचारलं, धाकटी म्हणाली, पावणेसहा. बाईंनी कागद पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या, सहा पूर्ण आहेत, वजाबाकी दोन वर्षांनंतर करत नाहीत. दीड तास त्यांनी छटाककडून चित्रं काढून घेतली, मणी ओवून घेतले, एका पायावर उभं केलं. मग धाकटीला समोर बसवून सांगितलं. डावी बाजू अशक्त आहे. आकडे आणि आकार समजायला तिला त्रास होतो, लक्ष टिकत नाही. वेळेआधी जन्मलेल्या काही मुलांत हे असतं, यात आईचा काही दोष नाही. तीन वर्षांची असताना व्यायाम आणि शिकवणी सुरू झाली असती तर पुष्कळ सोपं गेलं असतं. आत्ताही करायचं आहेच, पण वेळ जास्त लागेल, आणि काही गोष्टी अशाच राहतील. आजपासून एक करा, जे काही असेल ते तिला डाव्या हाताने करायला लावा.

धाकटीने विचारलं, मग तीन वर्षांची असताना कुणी सांगितलं कसं नाही? बाईंनी वही तिच्याकडे वळवली. इथे तर दरवर्षी पाहिल्याची नोंद आहे, त्या म्हणाल्या.

सही वाचायची तिला गरज पडली नाही. ते अक्षर सहा वर्षं तिच्या फ्रिजवर होतं.

बाहेर व्हरांड्यात आम्ही तिघी बाकावर बसलो. छटाक मध्ये. धाकटी ओरडली असती तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. तिने समोरच्या भिंतीकडे पाहत विचारलं, "ताई, तुला कधीपासून माहीत होतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. तिने कदाचित मानलंही असतं. मी म्हटलं, "ती तीन वर्षांची होती तेव्हापासून."

"आपली तीन की खरी तीन?"

"खरी."

तिने मान हलवली. मी सांगायला लागले, की तू त्या दिवशी इतकी निवांत होतीस, मला वाटलं अजून एक वर्ष तरी, आणि मग पुढचं वर्ष आलं. ती म्हणाली, मी निवांत होते कारण तू नर्स आहेस. मला रडू फुटलं. वीस वर्षांत त्या व्हरांड्यात मी कधी रडले नव्हते, लोकांना रुमाल देणारी मी.

छटाक बाकावरून उतरून माझ्यासमोर उभी राहिली. माझ्या गालाकडे तिने उजवा हात नेला.

"डाव्या हाताने पूस," धाकटी म्हणाली. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "बाईंनी सांगितलंय ना."

छटाकने उजवा हात खाली घेतला. डावा उचलायला तिला वेळ लागला. मूठ उघडेना, तशीच ती माझ्या गालावर टेकली आणि थोडी घसरली. धाकटी पाहत होती. मग म्हणाली, "परत."